एका दिवसात कसारा घाट, द्राक्षबागा आणि वायनरी सायकलवर, मुंबईहून जमेल का?

मुलुंडची_सायकल

नमस्कार मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज विचारूनच टाकते. आम्ही तिघी मैत्रिणी, वयं ३६ ते ४४, दोघी मुलुंडच्या आणि एक ठाण्याची. दीड वर्ष झालं दर रविवारी पहाटे येऊर नाहीतर घोडबंदर रोड करतोय, येऊरचा चढ आता न उतरता होतो, आणि आत्तापर्यंतची सगळ्यात मोठी राईड ६० किमीची, तीही जवळपास सपाट. दोन हायब्रिड आणि एक रोड बाईक आहे.

आमच्यातल्या एकीचा ४० वा वाढदिवस येतोय, तिला हॉटेल, केक, पार्टी यातलं काहीही नको, तिला डोंगरातून सायकल चालवत द्राक्षाच्या बागा बघायच्यात आणि एखाद्या वायनरीत बसून शांतपणे वाइन चाखायची आहे, आणि मुक्काम करता येणार नाही कारण तिघींचीही मुलं शाळेत आहेत आणि एकीच्या सासूबाई अंथरुणाला आहेत.

मी मॅप बघून असं ठरवलंय: पहाटेची कसारा लोकल, मग कसारा घाट चढून इगतपुरी, घोटी, तिथून पहिनेमार्गे त्र्यंबक, त्र्यंबक रोडने नाशिक, मग गंगापूर धरणाच्या बाजूला सुला, यॉर्क आणि सोमा, आणि संध्याकाळी नाशिकरोडहून ट्रेनने परत. अंतर ११० ते १२० च्या मध्ये येतंय. सप्टेंबरमध्ये जायचा विचार आहे, तेव्हा सगळं हिरवंगार असतं म्हणून.

जमेल का? कृपया खरं सांगा, उगाच हुरूप वाढवायला हो म्हणू नका. आणि सायकली ट्रेनमध्ये नेता येतात का तेही सांगा.

---

घाटवाट_ठाणे

ताई, खरं सांगा म्हणालात म्हणून सरळ सांगतो, हा प्लॅन एका दिवसात होणार नाही. तुमच्या पायांचा प्रश्न नाही हो, घड्याळाचा आहे.

हिशोब करून बघा. कसारा स्टेशन साधारण २९० मीटर उंचीवर आहे आणि इगतपुरी ६०० च्या आसपास, म्हणजे सुरुवातीच्याच १६-१७ किमीत तुम्ही ३०० मीटर वर चढताय. याच घाटात रेल्वेचा चढ १:३७ आहे, गाडी ३७ मीटर पुढे गेली की १ मीटर वर, आणि म्हणून कसाऱ्याला गाड्यांना मागून बँकर इंजिन जोडतात, आता जिथे रेल्वेला ढकलायला लागतं तिथे तुम्हाला ताशी ८-९ चा वेग मिळाला तरी खूप झालं. पुढे घोटी ते त्र्यंबक दिसायला सुंदर आहे पण सपाट एक किमी सलग मिळत नाही, चढ संपला की उतार आणि उतार संपला की परत चढ, पाय कधी मोकळेच होत नाहीत. थांबे धरून सरासरी ताशी १२-१३ पडेल, म्हणजे ११० ला नऊ तास रस्त्यावरचेच, त्यात तीन वायनरी, प्रत्येकी एक तास म्हटला तरी बारा तास झाले. सप्टेंबरातही सातपर्यंत अंधार पडतो. आणि गंगापूर धरणाकडून नाशिकरोड स्टेशन जवळ नाहीये, २० किमी धरा, त्यात अर्धं शहर, संध्याकाळचं ट्रॅफिक, शिवाय त्र्यंबक-नाशिक पट्ट्यात २०२७ च्या सिंहस्थाची कामं निघतायत तर रस्ता कुठे कसा मिळेल ते त्या आठवड्यात विचारूनच ठरवा.

माझं म्हणणं ऐकाल तर नाशिक शहर या वेळी सोडून द्या. लोकांना वाटतं वायनरी म्हणजे फक्त गंगापूर धरणाकडे, पण इगतपुरी तालुक्यात संजेगाव-कावनई भागात पण आहेत, ग्रोव्हर झांपाची संजेगावला आणि व्हॅलोने कावनईच्या शिवारात मुकणे धरणाच्या पाण्याजवळ. कसारा, घाट, इगतपुरी, घोटी, तिथून हायवे सोडून आत. परत इगतपुरीपर्यंत आलात तर ६०-६५ होतील, घाट उतरून कसाऱ्यापर्यंत आलात तर ८० च्या आसपास. डोंगर आहेत, पाणी आहे, बागा आहेत, आणि घोटीच्या बाजूने आकाश स्वच्छ असेल तर कळसूबाई दिसतं, १६४६ मीटर, आपल्या राज्यातलं सगळ्यात उंच टोक. वाढदिवसाला एवढं पुरे आहे.

घाटाबद्दल दोन गोष्टी मात्र काळजीपूर्वक वाचा. एक, उजाडल्यावरच घाटात शिरा, त्याआधी नाही, दिवसासुद्धा मागचा लाल दिवा चालू ठेवा, आणि एकामागे एक चालवा, गप्पा मारायला शेजारी शेजारी अजिबात नको. चढताना सायकल आपोआप डावी-उजवी डुलते, त्या वेळी मागे ट्रक असेल तर तो तुमच्यापेक्षा जास्त घाबरलेला असतो. दुसरं, उतरताना ब्रेक धरून ठेवू नका. आलटून पालटून दाबा, पुढचा मागचा, पुढचा मागचा, नाहीतर रिम तापते आणि मग हव्या त्या क्षणी ब्रेक लागत नाही. जायच्या आधी पॅड बदलून घ्या, शंभर-दोनशे रुपयांचं काम आहे.

घाट संपला की घाटनदेवीचं मंदिर लागतं. तिथे थांबा, पाणी प्या, काहीतरी खा, भूक लागली नसली तरी. आणि मॅप तुम्हाला इगतपुरीजवळ समृद्धीवर चढवायला बघेल, जून २०२५ पासून तो आमण्यापर्यंत पूर्ण चालू झालाय, पण सायकलला तिथे बंदी आहे, त्यामुळे ‘समृद्धी’ अशी पाटी दिसली की बाजूला व्हा.

गंगापूरकडचा भाग पुढच्या वेळी, मुक्काम जमेल तेव्हा करा. नाशिक तसं सायकलवाल्यांचं गाव आहे, डॉ. महाजन बंधूंनी २०१५ ला अमेरिकेतली ‘रेस ॲक्रॉस अमेरिका’ दोघांच्या टीमने पूर्ण केली तेव्हापासून तर तिथे सायकलवाला दिसला की लोक गाडी हळू करतात, मी स्वतः अनुभवलंय.

---

दिंडोरीकर_डोंबिवलीत

घाटवाट दादांनी रस्त्याचं सांगितलंय, मी बागेचं सांगतो कारण सप्टेंबर वाचून राहवलं नाही. ताई, सप्टेंबरमध्ये जाऊ नका. तुम्हाला द्राक्ष दिसणार नाही. एक मणी दिसणार नाही.

आमची दिंडोरी तालुक्यात बाग आहे, वडील आणि मोठे भाऊ बघतात, मी नोकरीला इकडे असलो तरी छाटणीला आणि तोडणीला जातोच. थोडी खायची द्राक्षं, थॉमसन, आणि एक प्लॉट वायनरीला देतो, शेनिन ब्लाँ. मुंबईचे मित्र दरवर्षी पाऊस संपता संपता नाहीतर दिवाळीच्या सुट्टीत जातात आणि मला फोन करून विचारतात अरे इथे तर नुसत्या काड्या आहेत, बाग वाळली का? वाळलेली नसते. छाटलेली असते.

वेलीची वर्षात दोनदा छाटणी होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तेव्हा जुनं सगळं काढून टाकतात आणि नवीन काडी येते, पावसाळाभर वेल नुसती पानं आणि काडी तयार करत असते. मग सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यातून माल येतो. थंड देशात वेल हिवाळ्यात झोपते, बर्फात, आणि एकदाच छाटतात. आपल्याकडे तेवढी थंडी नाही, वेल झोपतच नाही, मग शेतकऱ्याने कात्रीने तिचं वर्ष बदललंय, की पावसात फळ धरायचं नाही आणि कोरड्या थंडीत पिकवायचं. म्हणून फ्रान्समध्ये तोडणी साधारण ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये आणि आपल्याकडे जानेवारी ते मार्च. गोडी छाटणी झाली की काडीवरच्या प्रत्येक डोळ्याला, म्हणजे जिथून अंकुर फुटतो तिथे, हाताने पेस्ट लावतात, एकेका डोळ्याला, एकरभर, बायका ओळीने लावत जातात, आणि आठ-दहा दिवसांत डोळे फुटायला लागतात, तांबूस कापसासारखे. तो दिवस माझ्या वडिलांना दिवाळीपेक्षा मोठा.

तुम्हाला वेली घडांनी लगडलेल्या बघायच्या असतील तर जानेवारीचा शेवट ते फेब्रुवारीचा मध्य. सकाळी कडाक्याची थंडी असते, निफाडकडे तर पारा दहाच्या खाली जातो, आणि दुपारी ऊन ३० च्या वर. सायकलवाल्याला हे त्रासाचं असेल पण द्राक्षाला हेच लागतं, दिवसा साखर भरते आणि रात्रीच्या थंडीने आंबटपणा टिकतो, दोन्ही असल्याशिवाय वाइन चांगली होत नाही.

रस्त्याने जाताना खायची बाग आणि वाइनची बाग कशी ओळखायची ते सांगतो. खायच्या द्राक्षाची मांडवावर नाहीतर इंग्रजी वाय आकाराच्या आधारावर असते, खाली सावली, घड डोक्यावर लोंबतात. वाइनची बहुतेक उभ्या तारांवर, कुंपणासारख्या सरळ ओळी, घड गुडघ्या-कमरेच्या उंचीला. आणि मणी बघितलात तर वाटेल हे काय एवढुसं, लहान, घट्ट चिकटलेले, जाड सालीचे, आत बी. लोकांना वाटतं वाइनचं द्राक्ष आंबट असेल. उलटं आहे, खायचं द्राक्ष १८ ब्रिक्सच्या, म्हणजे रसातल्या साखरेच्या मापाच्या, आसपास तोडतात आणि वाइनचं २२ ते २४ पर्यंत जाऊ देतात, तोंडात टाकलंत तर गोडीने घसा धरतो. ब्रिक्स मोजायचं यंत्र खिशात मावतं, काचेवर रसाचा एक थेंब टाकायचा, झाकण लावायचं आणि उजेडाकडे धरून डोळा लावायचा, आत निळ्या-पांढऱ्याची रेघ दिसते, ती ज्या आकड्यावर तो ब्रिक्स. तोडणीच्या दिवसांत गेलात तर एखाद्या शेतकऱ्याला विनंती करा, कोणीही दाखवेल. आमचे वडील तर शाळेच्या पोरांना बोलावून दाखवतात.

आता दोन विनंत्या माझ्याकडून. रस्त्याच्या कडेचा घड तोडू नका. एका वेलीवर किती घड ठेवायचे ते मोजून ठेवलेले असतात, बाकीचे शेतकऱ्याने स्वतः काढून टाकलेले असतात, आणि ओढून तोडताना शेजारचे मणी फुटले तर त्या फुटलेल्या मण्यातून अख्खा घड सडतो. मागितलंत तर ओंजळभर हातात देतील आणि पैसे घेणार नाहीत. दुसरी विनंती फवारणीची. सकाळी लवकर आणि संध्याकाळी ट्रॅक्टरचा ब्लोअर चालू असतो, भुरी आणि डावणी या बुरशीच्या रोगांसाठी, त्याचा ढग रस्त्यावर येतो. धापा टाकत त्यातून जाऊ नका, पन्नास पावलं अलीकडे थांबा, ट्रॅक्टर दुसऱ्या ओळीत वळला की जा. ड्रायव्हरला हात केलात तर तो स्वतः ब्लोअर बंद करतो.

आमच्या लहानपणी हे वायनरी वगैरे काही नव्हतं. सुलाची २००० साली सुरू झाली, २००१ ला सरकारचं द्राक्षप्रक्रियेचं धोरण आलं, मग एकेक उभ्या राहिल्या आणि आमच्यासारख्यांनी एखादा प्लॉट तिकडे लावून बघितला. अवकाळी पाऊस नाहीतर गारपीट झाली की दोन्ही बागांचं सारखंच नुकसान होतं. म्हणून तुम्ही याल तेव्हा बाग नुसता फोटो काढायला बघू नका, कोणी बांधावर उभा असेल तर दोन मिनिटं बोला.

---

मुलुंडची_सायकल

दिंडोरीकर दादा, हे वाचून तिघींनीही सप्टेंबर रद्द केला. आमच्या ग्रुपवर तुमचं उत्तर जसंच्या तसं टाकलंय. तर आता फेब्रुवारीचा पहिला किंवा दुसरा शनिवार, कसारा ते कावनई.

अजून तीन प्रश्न राहिले. वाटेत बायकांसाठी स्वच्छतागृहाचं काय? वाइन चाखून परत सायकल चालवणं कितपत बरोबर आहे, कारण एकीचं म्हणणं आहे की चार घोटांनी काय होतंय. आणि सायकलींच्या ट्रेनबद्दल अजून कोणी सांगितलं नाही.

---

दोन_चाकं_कल्याण

चार घोटांनी काय होतं ते मला माहितीये म्हणून मीच उत्तर देते.

दोन वर्षांपूर्वी फेब्रुवारीतच आम्ही चौघं गेलो होतो. सकाळी ३५ किमी झालेले, ऊन डोक्यावर आलेलं, साडेबाराला एका वायनरीत पोचलो आणि टेस्टिंगला बसलो. पाच प्रकारच्या वाइन, प्रत्येकाचा थोडासाच घोट ग्लासात असतो, दिसायला काहीच नाही. पण पाच घोट मिळून दीडशे मिली धरले तरी तो एक पूर्ण ग्लास झाला, आणि तो पोटात गेला कधी, तर तीन तास घाम गाळून अंगातलं पाणी संपलेलं असताना आणि सकाळच्या पोह्यांनंतर काही खाल्लेलं नसताना. उठले तेव्हा मी अगदी ठीक होते, बोलणं ठीक, चालणं ठीक. वीस मिनिटांनी एका साध्या उतारावर पुढे म्हैस आली, मला ती दिसली, ब्रेक दाबायचा हेही डोक्यात आलं, पण बोटांनी जे करायचं ते किंचित उशिरा केलं आणि तेही फक्त पुढचा ब्रेक. हँडलवरून पलीकडे गेले. डाव्या मनगटाचं हाड मोडलं, सहा आठवडे प्लास्टर, आणि पोळ्या लाटायला लागले तेव्हा तिसरा महिना होता.

त्यात वायनरीची काही चूक नाही, त्यांनी आम्हाला पाणी दिलं होतं, हळू घ्या म्हणाले होते. क्रम आमचा चुकला. आधी सगळी सायकल, मग जेवण, मग वाइन, आणि वाइन झाली की सायकलला हात नाही. चाखायचं असेल तर परतीची गाडी ठरवून ठेवा, पिकअप टेंपो मिळतात, तीन सायकली आरामात मागे बसतात, दोऱ्या आणि जुनी चादर घरून न्या म्हणजे फ्रेमला ओरखडे पडत नाहीत. मग निवांत बसा, घाई नाही, दोन तास बसा. आणि ज्यांना घोट थुंकायचा आहे त्यांनी बिनधास्त थुंका, त्यासाठी भांडं ठेवलेलं असतं आणि वाइन चाखणारे जाणकार लोक थुंकतातच, त्यात कमीपणा नाही. आपल्याकडे वाइनसाठी २१ वर्षं पूर्ण लागतात, ते तुम्हाला लागू नाही पण कोणी पोरंसोरं बरोबर घेणार असाल तर लक्षात ठेवा.

बाटली घ्यायची असेल तर एकच घ्या आणि टेंपोत घ्या. भरलेली बाटली सव्वा किलोच्या आसपास असते आणि उन्हात पाठीवर तापली की चव गेली.

स्वच्छतागृहाचं म्हणाल तर कसारा स्टेशन, इगतपुरी स्टेशन आणि हायवेवरची मोठी हॉटेलं, एवढ्या जागा धरून चाला, घोटीच्या आत वळलात की वायनरीपर्यंत काही नाही. म्हणून काय करतात बायका, पाणीच कमी पितात, मी पण प्यायचे. ते करू नका ताई, त्या उन्हात पाणी न पिणं फार महागात पडतं. हायवे सोडायच्या आधी तिघींनी जाऊन या आणि मग आत वळा. गावातल्या एखाद्या घरी विचारलंत तर कोणी नाही म्हणत नाही, मला एका आजींनी नुसतं आत घेतलं नाही तर ताक पाजल्याशिवाय सोडलं नाही.

दोन बाटल्या पाणी प्रत्येकी, एकात मीठ-साखर-लिंबू. केळी, गूळ-शेंगदाण्याचे लाडू. सकाळसाठी विंडचीटर नाहीतर थेट छातीवर वारा लागतो, आणि दुपारसाठी पांढऱ्या बाह्या.

---

लगेज_डबा

ट्रेनचं मी सांगतो. कसारा लोकलला लगेजच्या डब्यातून, लगेजचं तिकीट काढून न्या, पहाटे गर्दी नसते, मी मुलुंडहूनच तीनदा नेलीय. पुढचं चाक काढून नेलंत तर जागा कमी लागते आणि बाकीचे लोक पण कुरकुर करत नाहीत, आपल्यासारखेच तेही पहाटे माल घेऊन निघालेले असतात, भाजी, दूध, मासळी, त्यांची जागा अडवायची नाही. एक्सप्रेसने परत यायचं तर आधी पार्सल ऑफिसला बुकिंग आणि सायकल ब्रेक व्हॅनमध्ये, आणि इगतपुरीला गाडी थांबते किती वेळ, त्यात तुमची चढली नाही तर? त्यापेक्षा टेंपोच बरा.

घाटवाट दादांशी एका बाबतीत माझं जमत नाही. पहिल्यांदाच जाणाऱ्या तिघींना कसारा घाट सायकलने चढा असं मी सांगणार नाही. येऊर आणि हा घाट यात फरक चढाचा नाही, ट्रकचा आहे. येऊरला तुमच्या मागे बिबट्या असेल नसेल, इथे २५ टनाचा कंटेनर नक्की असतो. टेंपो ठरवणारच आहात तर सकाळीपण कसारा ते इगतपुरी त्यातच जा आणि इगतपुरीहून सुरू करा, ताजे पाय आतल्या रस्त्याला वापरा.

आणि पंक्चरचं कोणी बोललं नाही. आतल्या रस्त्यांना बांधावर बाभळीच्या काट्यांचं कुंपण असतं, ते तोडून टाकलेले तुकडे रस्त्यावर येतात. प्रत्येकी दोन ट्यूब, टायर लिव्हर आणि एक बारीक चिमटा ठेवा, काटा टायरमध्ये आतून मोडून राहतो आणि बोटाला लागत नाही, तो काढला नाही तर नवीन ट्यूब पाच मिनिटांत परत बसते. रोड बाईकला बारीक प्रेस्टा व्हॉल्व्ह असेल, गावातल्या दुकानाच्या पंपाला तो बसत नाही, त्यासाठी छोटा पितळी ॲडॅप्टर मिळतो, वीस-तीस रुपयांचा, व्हॉल्व्हवरच लावून ठेवा म्हणजे हरवत नाही.

---

घाटवाट_ठाणे

लगेज डबा यांचं म्हणणं मान्य, ट्रक हा खरा मुद्दा आहे. मी एकटा चढतो म्हणून मला तो घाट घरचा वाटतो, तिघींच्या ग्रुपला वेगळा. इगतपुरीहूनच करा. फक्त एक सांगतो, ज्या कोणाला घाट चढायचाच असेल त्यांनी उजाडल्या उजाडल्या चढावा, उतरताना मात्र टेंपोत बसावं. दिवसभराच्या थकव्याने, संध्याकाळच्या तिरप्या उन्हात डोळ्यावर उजेड घेऊन तो घाट उतरणं मी पण आता बंद केलंय.

---

मुलुंडची_सायकल

जाऊन आलो! फेब्रुवारीचा दुसरा शनिवार. सगळ्यांना कळवायचं राहू नये म्हणून दुसऱ्याच दिवशी लिहायला बसलेय, मांड्या अजून दुखतायत.

पहाटेच्या लोकलने कसारा, लगेजच्या डब्यात एक मासळीवाल्या मावशी होत्या, त्यांनी टोपल्या सरकवून आमच्या तिन्ही सायकलींना जागा करून दिली. कसाऱ्याहून टेंपोने इगतपुरी, साडेसातला सुरुवात. थंडी एवढी होती की पहिल्या उतारावर डोळ्यातून पाणी येत होतं आणि बोटं ब्रेकवर आहेत की नाहीत कळत नव्हतं, म्हणून हातमोज्यांचं कोणीतरी लिहायला हवं होतं, ते मी लिहिते, पूर्ण बोटांचे हातमोजे न्या.

घोटीपर्यंत हायवेचा डावा पट्टा धरून गेलो, तिथे स्वच्छतागृह, चहा, भजी, आणि मग आत. आत वळल्यावर पाच मिनिटांत आवाज बंद झाला. मला हे सांगता येत नाहीये नीट, मुंबईत पहाटे चारलासुद्धा कुठून तरी आवाज असतो, पंखा, पंप, रिक्षा, इथे फक्त आमच्या तीन चेनचा आवाज येत होता. चढ आहेत, छोटे छोटे पण संपत नाहीत, एका चढाला मी उतरून चालले आणि मला त्याचं काही वाटलं नाही. एक पंक्चर झालं, रोड बाईकचंच, आणि आत खरंच काटा मोडून बसला होता, चिमट्याने निघाला. लगेज डबा दादा, मनापासून आभार.

दिंडोरीकर दादा, आता तुमच्यासाठी. एका वळणावर तोडणी चालू होती. क्रेट भरून रस्त्याच्या कडेला लावलेले, त्यावर मधमाश्या. आम्ही लांब थांबलो, तर बांधावरच्या काकांनीच विचारलं, कुठून आलात. मुंबई म्हटल्यावर म्हणाले एवढ्या लांबून सायकलवर? मी तुमचं वाचलेलं होतं म्हणून विचारलं, ब्रिक्स बघता येईल का. त्यांनी खिशातून काढलं, एक काळा मणी दोन बोटांत चेपून काचेवर थेंब टाकला, आणि वाढदिवस जिचा होता तिच्या हातात दिलं. ती सूर्याकडे तोंड करून कितीतरी वेळ बघत राहिली. २३ होता. मग त्यांनी आम्हाला तिघींना एकेक लहान घड दिला, शिराझ म्हणाले, सालीने जीभ आणि नखं जांभळी झाली ती अजून तशीच आहेत, बी चावलं की कडसर लागतं आणि मग परत गोड. पैसे घेतले नाहीत. पोरांसाठी न्या म्हणून अजून देत होते, आम्ही एका पिशवीत थोडे घेतले.

वायनरीत पोचलो तेव्हा पावणेबारा, ४१ किमी, कारण मध्ये एकदा रस्ता चुकलो होतो. सायकली टेंपोत चढवल्या, बांधल्या, मग तोंड धुतलं, जेवलो, आणि मग चाखायला बसलो, दोन चाकं ताईंच्या क्रमाने. बाटली एक घेतली. ती टेंपोत चादरीत गुंडाळून आली आणि सध्या फ्रिजमध्ये आहे.

आता गंगापूरचं विचारायचंय. पुढच्या जानेवारीत एक मुक्काम जमवतोय, या वेळी पाच जणी आहोत, त्यातल्या दोघी नवीन. नाशिकरोडहून गंगापूर-सावरगाव रस्त्याला पोचायला शहर टाळून जाणारा रस्ता कोणाला माहीत आहे का, आणि तिथून गिरणारेच्या पुढे वाघेरा घाटापर्यंत रस्ता आता कसा आहे?